विंगेतले काका

आमच्या समोरच्या अपार्टमेंटमधले काका जिथे असतील तिथे कुणाचंही वाक्य अर्धवट राहू शकत नसे. सांगलीत नाही, इथे अमेरिकेत नोव्हायमध्ये नाही, आणि उद्या वर गेल्यावर पाप-पुण्य वाचून दाखवताना चित्रगुप्त अडखळला, तर त्याचंही राहणार नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. म्हणजे विंगेतल्या अंधारात संहिता धरून उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की ते त्याला दबक्या आवाजात पुरवायचं. रंगमंचावर मात्र त्यांना कुणी कधी सोडलं नाही. ‘तू स्टेजवर गेलास तर आम्हाला सांभाळणार कोण?’ असं गोड बोलून मंडळींनी त्यांना जन्मभर विंगेतच ठेवलं. पुढे रिटायर झाले, काकू गेल्या, मुलानं सहा महिन्यांसाठी इथे मिशिगनमधल्या नोव्हायला आणलं, पण सवय काही सुटली नाही. आरतीच्या शेवटच्या कडव्याला आम्ही सगळे गुळमुळीत झालो की सोफ्यामागून शब्द यायचे. ग्रोसरी स्टोअरमधली गोरी मुलगी ‘हॅव अ...’ म्हणून शिंकायला थांबली, तर काका गंभीरपणे म्हणाले, ‘नाइस डे.’ कहर म्हणजे मुला-सुनेचं भांडण. सून तावातावानं म्हणत होती, ‘आणि गेल्या वेळीही तू असंच... असंच...’ तर आतल्या खोलीतून आवाज आला, ‘माझ्या आईचा फोन कट केलास!’ दोघंही हसत सुटली आणि भांडण तिथेच बारगळलं. ‘मी कुणाची बाजू घेतली नाही हं,’ काका मला नंतर सांगत होते. ‘पण वाक्य पडलं की माझ्या पोटात खड्डा पडतो, त्याला मी काय करू?’

नोव्हायला गाडी चालवता येत नसली की माणूस संपलाच म्हणायचा. मुलगा-सून सकाळी ऑफिसला, नातू डे-केअरला, आणि घरात काका. समोर मी, डिपेंडंट व्हिसावर. नवरा गाड्यांच्या दरवाज्यांची कुलपं डिझाइन करायचा, आणि मी एम.कॉम. होऊन दुपारभर कपड्यांच्या घड्या करायचे. नोकरी करायची परवानगी नाही, बोलायला चिटपाखरू नाही. काका मधल्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालायचे, कुणाचं तरी दार उघडेल म्हणून. उघडायचं ते माझंच. ‘काही नाही, सहज,’ म्हणायचे. ते सहज म्हणजे काय ते मला बरोबर कळायचं, कारण मीही सहजच कचरा टाकायला बाहेर आलेली असायचे, हातात रिकामी पिशवी घेऊन.

अशात सुनेनं लायब्ररीतून त्यांना एका ब्रिटिश विनोदी मालिकेची डीव्हीडी आणून दिली. मालिका कसली, डोक्याला मुंग्या आणणारा प्रकार! डिस्कवर चरा असल्यामुळे एकच भाग चालायचा, तो काकांनी किती वेळा पाहिला ते देवच जाणे. दोन होतकरू गायक असतात. त्यांना कुणी कुठे गाऊ देत नाही. शेवटी ते दूध काढायला फ्रिज उघडतात, तर आत एक थिएटर! प्रेक्षकांत गाजरं, मुळे, भोपळी मिरच्या, आणि परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत एक भलामोठा फ्लॉवर. हे दोघं जीव तोडून गातात आणि फ्लॉवर ढिम्म. एकदा काकांशेजारी बसून मीही तो पाहिला, आणि हसून लोळायच्या बेतात होते. वळून बघते तर काका डोळे पुसताहेत.

‘काका, अहो, विनोदी आहे हे!’

‘विनोदी कसलं? हौशी कलावंताचे भोग आहेत हे. आणि तो फ्लॉवर बघ, हुबेहूब आमच्या नाट्यस्पर्धेतले परीक्षक. असेच बसायचे, गारठल्यासारखे.’ एवढं बोलून ते पुन्हा पडद्याकडे वळले, कारण त्यातला एक गायक क्षणभर थांबला होता आणि त्याला पुढचं वाक्य सांगायचं होतं.

एका दुपारी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘हे आपण इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत करू या का गं? मराठीतनं. तू आणि मी.’

‘मी? काका, मी शाळेत झाडाचं काम केलंय फक्त!’

‘मग माझ्यापेक्षा सिनियर आहेस तू,’ ते म्हणाले. मग आवाज खाली आला. ‘एकदा उजेडात उभं राहायचंय. परतीचं तिकीट गणपतीनंतरच्या शनिवारचं आहे. पुन्हा एवढा प्रवास या गुडघ्यांना व्हायचा नाही.’

यावर नाही कसं म्हणणार, सांगा! आमच्या तालमी माझ्या स्वयंपाकघरात सुरू झाल्या, फ्रिज सताड उघडा टाकून. दूध नासलं, आइस्क्रीमचं सरबत झालं, नवऱ्यानं कपाळावर हात मारला. काकांचा आवाज असा लागायचा, की खालची म्हातारी छताला झाडू ठोकायची. त्या दुपारी कधी सरायच्या, पत्ताच लागायचा नाही. मंडळाच्या सेक्रेटरींनी डोकं खाजवत आम्हाला वेळ दिली. ‘काका, डान्स आयटम झाला की तुम्ही. पण क्विक करा हं, लगेच जेवण आहे.’

कार्यक्रम एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होता. काकांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. पूजेची घंटा मागून आणून त्यांनी स्वतःच तिसरी घंटा दिली, रंगमंचाला नमस्कार केला आणि आम्ही आत गेलो. लख्खकन उजेड पडला. पहिलं वाक्य काकांचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आला तो प्रॉम्प्टरचा आवाज. दबका, स्पष्ट, फक्त माझ्या कानापुरता. पाय तर आपोआप सरकत माइकपासून लांब, पार विंगेशी जाऊन टेकलेले.

‘आवाज! आवाज!’ मागून कुणीतरी ओरडलं. मी डोळ्यांनी खुणावलं, काका, मोठ्यानं! त्यांनी मान हलवली आणि तितक्याच दबक्या आवाजात दुसरं वाक्य दिलं. शेवटी काय करणार, ते मीच मोठ्यानं म्हटलं. मग माझं म्हटलं. मग पुन्हा त्यांचं. अख्खं नाटक असंच झालं. ते भर उजेडात उभे राहून सांगत होते आणि मी बोलत होते. लोकांना वाटलं, बसवलंयच असं. हॉल हसून हसून बेजार झाला.

जेवणाच्या रांगेत जो तो माझं कौतुक करत होता. एक मावशी काकांना म्हणाल्या, ‘तुम्ही हिला छान आठवण करून देत होता हो.’ काका म्हणाले, ‘सवय आहे.’ मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. ‘काका, का नाही बोललात? घरी तर भिंती हादरायच्या!’

‘उजेड फार असतो गं तिथे,’ ते म्हणाले. ‘समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या नटांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.’ थोडा वेळ ते ताटातली कोशिंबीर चिवडत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘आवाज गेला नाही, ते कळलं मला. पण शेवटच्या रांगेतनं मी दिसत होतो ना?’

मी कुठे शेवटच्या रांगेत बसले होते! तरी म्हटलं, ‘दिसत होता, काका. अगदी पूर्ण.’

‘मग झालं,’ ते म्हणाले आणि जेवायला लागले.

शनिवारी ते सांगलीला परत गेले. त्या दिवशीच्या टाळ्या सगळ्या मला मिळाल्या होत्या. त्यांतली एकसुद्धा त्यांच्या बॅगेत घालून देता आली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.