स्पिरिटने पुसलेल्या जागा

"सगळेच्या सगळे बरोबर!" सीनिअर रेडिओलॉजिस्टांचा टेस्टचा निकाल बघून ट्रस्टी खुशीत म्हणाले. "मग खडवलीच्या तपासणी कॅम्पला दोन डॉक्टर कशाला? मोठे सर एकटे बस्स."

आमच्या ज्युनिअर रेडिओलॉजिस्ट सुनंदा मॅडम आपला निकाल परत वाचू लागल्या. त्यांचे काही चुकले होते.

नव्वदच्या दशकात मी माजिवड्याजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात होते. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. मिठागरावर राबणाऱ्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी न विचारताही सांगते.

टेस्ट माझीच होती. मॅमोग्राम म्हणजे स्तनांचा एक्स-रे. ऑपरेशननंतर कॅन्सर पक्का ठरलेल्या बायकांच्या जुन्या फिल्म निरोगी फिल्ममध्ये मिसळायच्या, नावं झाकायची, डॉक्टरांनी त्यातले किती कॅन्सर पकडले ते मोजायचं. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात.

दुपारी मी फिल्म पाकिटात भरत होते. पडदे ओढलेले, व्ह्यू बॉक्सचा दुधी उजेड. एकेका फिल्ममध्ये ढग, धुकं, बारीक नद्या. बघता बघता मी खाडीकाठी बाबांजवळ पोचलेले. पाणी आटतंय, मीठ नुकतं चमकायला लागलंय... आणि हातातली तिरपी फिल्म तशीच चमकली. एका ठिकाणीच. दुसरी घेतली. तीही.

जागी झाले. सर्जन गाठीभोवती पेन्सिलने गोल काढतात. ते गोल टेस्टआधी मीच स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेले. गोल गेले, चमक राहिली. फक्त कॅन्सरच्या फिल्मवर.

टेस्टचा रिपोर्ट ट्रस्टींकडे गेला होता. गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? पण खडवलीच्या बायकांना एकच नजर मिळाली असती.

"सर, बॉक्सवर लावायच्या आधी तुम्ही फिल्म तिरपी धरता?"

"तीस वर्षं. का गं?"

दाखवलं. सरांनी फिल्म हलवली, परत हलवली. "म्हणजे मी कॅन्सर नाही वाचला, तुझा बोळा वाचला."

"चूक माझी, सर."

"तुझीच. पण सकाळपासून फुशारकी कोण मारतंय? सगळ्या फिल्म पूस, निरोगीसुद्धा. मला परत बसव."

महिन्याभराने क्रम बदलून दोघांना परत बसवलं. सरांचे काही सुटले. त्यातले बरेच मॅडमनी पकडले. मॅडमचे सुटलेले सरांनी. ट्रस्टी कुरकुरले, पण खडवलीला दोघं गेले.

तिथे एका बाईंची फिल्म सरांनी 'नॉर्मल' म्हणून बाजूला ठेवली. मॅडमनी त्या बाईंना परत बोलावलं. गाठ वाटाण्याएवढी होती, वेळेत निघाली.

तेव्हापासून कोणी शंभर टक्के म्हटलं, की मी आधी माझा बोळा तपासते.