दालमिलवाले साडू आणि रद्द झालेला कायदा

आमच्या थोरल्या साडूंइतका भांडणाचा शौकीन माणूस अख्ख्या मेहकरात सापडायचा नाही. एसटीच्या कंडक्टरशी ते भांडले आहेत, भागवत सांगणाऱ्या महाराजांशी भांडले आहेत. एकदा चुकून भलत्याच लग्नात जेवायला बसले, तर तिथंही मानपानावरून रुसले! पण त्यांचा खरा वैरी म्हणजे कामगार कायदा. त्यांची तूरडाळीची मिल आहे. संध्याकाळी डाळ निवडणाऱ्या बाया उठल्या, की साडूंच्या तोंडाचा पट्टा सुरू. "मिल माही, डाळ माही, अन् बायांनं घरी कवा जायचं, ते सरकार सांगन!" जादा वेळ थांबवलं तर दुप्पट मजुरी, हे नुसतं आठवलं तरी त्यांना ठसका लागे.

आणि एक दिवस सरकारनं हे नियमच रद्द केले. साडूंनी गल्लीभर जिलबी वाटली, मिलमधल्या बायांनाही दिली. मीही खायला हजर होतोच. "आता मी म्हनीन तेवढा वेळ काम!" त्यांनी जाहीर केलं.

बायांची म्होरकी कौसाबाई बोटं चाटत म्हणाली, "मालक, कायदा गेला म्हनून आमच्या घरचा सैपाक गेला काय?" आणि रोजच्या वेळी पदर झटकून सगळ्या उठल्या. साडू दारात आडवे उभे राहिले.

"नाही जाऊ देत!"

"मंग उद्यापासून येतच नाही. तुमीच निवडा डाळ."

साडूंनी डाळीच्या ढिगाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दार सोडलं. बाया हसत हसत गेल्या. मशीन बंद झालं. साडू एका पोत्यावर बसून राहिले.

"एवढं काय काम अडलं होतं?" मी विचारलं.

"काम कुठी हाय, साडूभाऊ? बायांचा गलका असते तवर बरं वाटते. तुमच्या बायकोची ताई वारली तवापासून घरी जाऊन भांडू कोनाशी?"

मी त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आलो. वांग्याच्या भाजीत मीठ कमी म्हणून ते माझ्या बायकोशी, म्हणजे त्यांच्या मेहुणीशी, मनसोक्त भांडले. तीही बहिणीसारखीच, एक शब्द खाली पडू दिला नाही. भांडता भांडता त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. निघताना चपला घालून उंबऱ्याशी जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले,

"उद्या कायची भाजी करून राह्यली तू?"