मशीनचा आवाज

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा उतरवला आणि घरभर फिरत राहिले... बसवेच ना. पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवायचे, मी मराठी. डोक्यात एकच घोळत होतं, विमलताईच्या गावच्या फळ्यावर आता कोण लिहिणार? महिना होत आला, अजून पाय एका जागी ठरत नाहीत.

विमलताई माझी थोरली बहीण. तिच्या गावच्या बरड माळावर कोणीतरी खनिजं शोधायला भोकं पाडून गेलं आणि पाण्यात किरणोत्सर्गाची किरणं उतरली अशी आवई उठली. हापशी ओस पडली. बाया नाल्यातलं गढूळ पाणी भरू लागल्या, घरोघरी पोरं हगवणीनं झोपली. ताईचा नातू तर डोळे फिरवायला लागला. मी हमीदभाईंपुढे रडले. ते कॉलेजचं किरणं मोजायचं यंत्र घेऊन निघाले. यंत्र टकटक करतं, लोक घाबरतील, म्हणून या भल्या माणसानं हापशीपाशी सगळ्यांदेखत आवाजच बंद केला! झालं. ताई कडाडली, "मशीनचं तोंड काहून दाबलं? काय लपवून राह्यले?"

हमीदभाई खजील झाले. मग आवाज चालू करून गावभर हिंडले. ताईच्या चुलीपाशी टकटक, मारुतीच्या पारावर टकटक, कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर टकटक, हापशीपाशीही तेवढीच. "जमीन हाय तिथं एवढं असतेच," ते म्हणाले, "पण पाण्याच्या आतलं याले पुरतं कळत नाही. बाटली नागपूरले धाडतो." आणि शाळेच्या फळ्यावर लिहिलं, 'पाण्याचं अजून माहीत नाही. नाल्याचं उकळून प्या.' सरपंच चिडले, सुरक्षित आहे असं लिहा म्हणाले. "फवारणीच्या औषधालेबी सुरक्षितच म्हणत होते नं, भाऊ?" हमीदभाई म्हणाले. मागे एका साली कपाशी फवारताना विषबाधा होऊन गावातली माणसं दवाखान्यात गेली होती. फळ्यावरचं तसंच राहिलं.

निकाल चांगला आला. फळ्यावर 'प्या' लिहिलेलं पाहून ताईनंच पहिली घागर भरली. "माहीत नाही म्हणणारा माणूस खोटं कायले सांगन?" नातू वाचला. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी हमीदभाई तिथे जात, मोजत, लिहीत... आजारपणातही.

परवा मीच गेले. फळ्यावर त्यांचं तिरपं अक्षर तसंच. पुसायला हात होईना. शेवटी त्याखाली लिहिलं, 'हमीदभाई गेले. आज मोजलं नाही.' ताई घागर घेऊन उभी होती. वाचलं आणि हापशीचा दांडा धरून हमसून रडली. मग डोळे पुसून पाणी भरायला लागली.

"पुढच्या बाजारी मशीन घेऊन ये," म्हणाली. "आवाज चालू ठेवजो."