चुन्याच्या दगडांचं रिंगण

सुट्टीच्या दिवशी धरणाच्या काठाने गाड्या यायला लागल्या की माझं डोकं फिरतं. हातभर लांब कॅमेरे घेऊन, झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून येणाऱ्या या लोकांचं म्हणे पाखरांवर प्रेम आहे. असेल. मला ते डोळ्यांसमोर नकोत.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं आणि उघड्या पडलेल्या गाळात आम्ही काकडी लावतो. टिटवीही तेव्हाच, तिथेच, ढेकळांच्या रंगाची अंडी घालते. ती नांगराखाली जाऊ नयेत म्हणून भोवती दगडांचं रिंगण करायचं आणि नांगर वळसा घालून न्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. सासूबाई दगडांना चुना फासायच्या, लांबून दिसावेत म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात ते एका कॅमेरेवाल्याला दिसले. रिंगणाच्या अगदी जवळ त्याने स्टूल मांडलं. टिटवी पोट पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. त्या दिवशी ती भिजून यायची, त्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायची, वाऱ्यावर सुकायची, की पुन्हा पाण्यावर.

"आवं, तुमी हितं हाय तवर ती बसायची न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "अंडी भाजत्यात उन्हात. उठा की."

तो गोड हसला. "मावशी, मी हातसुद्धा लावत नाहीये."

दुपार कलेपर्यंत तो हलला नाही. टिटवी त्यानंतर कितीतरी दिवस त्या अंड्यांवर बसत राहिली. एकातूनही पिल्लू निघालं नाही. सासूबाईंनी दगड उचलून आणले आणि गोठ्यामागे टाकून दिले.

यंदा तोच माणूस दारात आला, मोबाईलवर फोटो दाखवत. पंख पसरलेली टिटवी, चोच उघडी, पोटावरून पाणी ठिबकतंय. "आईची माया," तो म्हणाला. "बक्षीस मिळालं याला. यंदा घरटं कुठे आहे?"

यंदा घरट्याला रिंगण नव्हतंच. नांगर आला की सासूबाई स्वतः तिथे उभ्या राहायच्या, आणि टिटवी त्यांच्याही डोक्यावर झेप घ्यायची. चुन्याचे दगड त्यांनी पार दुसऱ्या टोकाला मांडले होते, जिथे काहीच नव्हतं. मी तिकडे बोट दाखवून म्हटलं,

"गुमान पालथं पडून ऱ्हावा. माणूस दिसलं की येत न्हाई ती. आन् जवळ जाऊ नका."

तो भर उन्हात तसाच पडून राहिला. दुपारी लालबुंद होऊन परत आला आणि पाणी मागितलं. माठ भरलेला होता. आमच्या दारातून आजवर कुणी तहानलेला गेलेला नव्हता. मी धरणाकडे बोट केलं.

"तितं हाय की. टिटवी तितनंच आणती."