टोळधाडीच्या फळ्यावरचं नाव

ईरा, नील,

हे मी तुमच्या आजोबांनाही सांगितलं नाही. ते गेले, आणि हे माझ्यापाशीच राहिलं. मला सगळं क्रमाने मांडायची सवय — पण हे सांगायला बसले की मी दरवेळी दुसरंच काहीतरी सांगू लागते.

परवा फोनवर नीलने विचारलं, "आजी, बाबाचा रेकॉर्ड खरंच कुणीच मोडला नाही?" मी म्हणाले, फळ्यावर शेवटपर्यंत त्याचंच नाव होतं. पाहिलंत? शब्द न् शब्द खरा, आणि तरी किती नेटकं खोटं.

आज मी साताऱ्यात असले तरी तेव्हा आम्ही सांगलीत होतो, स्टँडमागच्या गल्लीत, माडीवर. खाली घरमालक अण्णांचं भुसारी दुकान. शेंगदाण्याची पोती बाजूला सारून त्यांनी एक जुनं, कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन आणून ठेवलं होतं. वरून शत्रू रांगांनी उतरायचे आणि खाली आपली एकटी तोफ. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून पोरांनी त्याला 'टोळधाड' म्हटलं. त्याचा तो टक्‌टक् आवाज — टोळ खाली येतील तसा वाढत जाणारा — आणि सोबत गुळाचा वास. अजून कुठे गुळाची ढेप फोडली की मला तो आवाज ऐकू येतो.

मशीन विसराळू होतं. लाइट गेली की सगळे आकडे पुसले जायचे, आणि लाइट तर रोजच जायची. म्हणून अण्णांनी पेंटरकडून एक पत्र्याचा फळा रंगवून घेतला — नाव, गाव, आकडा. पहिलं नाव लागलं माधवनगरच्या एका सोडावॉटरवाल्याच्या पोराचं. मग कुंडलहून एसटीने येणाऱ्या कॉलेजच्या मुलाचं. तो सबंध पावसाळा त्या फळ्यावर राज्य करून होता. आणि मग शेखरचं — तुमच्या बाबाचं.

पण आकडा खरा कुणी ठरवायचा? खेळणाऱ्याने वर आकड्याकडे पाहिलं की टोळ त्याला गाठणार. त्याचे डोळे खालीच. आणि पोरं तर थापा मारणार. म्हणून अण्णा म्हणाले, "बाई, तुमी इंग्लिश शिकीवता. तुमी बगितलं म्हंजे झालं." तेव्हापासून कुणी रेकॉर्डाजवळ आलं की मला खालून हाक यायची. मी पदराला हात पुसत जिना उतरायची. मध्येच लाइट गेली तर मी शेवटचा पाहिलेला आकडा खरा. शेखरच्या वेळीही मीच उभी होते, त्याची आई — तरी कुणी शंका घेतली नाही. मला याचा अभिमान होता का? होता. फार होता.

सुरेखा माझ्या आठवीच्या वर्गात होती. जतकडची, मेंढपाळांच्या घरची. आईवडील मेंढरांमागे रानोमाळ, म्हणून ती शाळेसाठी माधवनगरला मामाकडे राहायची. मामा मिलमध्ये होता. मुली त्या दुकानात पाय ठेवत नसत. ती मामाला पाठीशी उभं करून खेळायची. एकदा एक पोरगा म्हणाला, हे मेंढरं हाकायचं काम न्हाई. मान न वळवता ती म्हणाली, "मेंढरं हाकायला लय नजर लागती रं. तुला न्हाई जमायचं."

मग मामाची मिल बंद पडली. दोघं गावी परतणार होते. जायच्या आधी एकदा फळ्यावर नाव लावायचंच, असं तिने वर्गात सांगितलं होतं — मी ते ऐकलं होतं. मुद्दाम सांगते, कारण मला माहीत नव्हतं असं नाही.

भर दुपार होती. पोरं जेवायला गेलेली. शेखर मेढ्याला माझ्या माहेरी होता — वार्षिक परीक्षेत नापास होऊन, आणि तेही माझ्याच विषयात. तो कुठे पहिला असेल तर त्या एका पत्र्यावर. अण्णांनी हाक मारली. मी येऊन सुरेखाच्या खांद्याशी उभी राहिले. तिची बोटं झरझर चालली होती. आकडा चढत होता. शेखरच्या जवळ आला — आणि पुढे गेला. चांगलाच पुढे.

आणि लाइट गेली.

ती वळली. "झाला का वो, बाई?" मामाला इंग्रजी आकडे येत नव्हते. अण्णा गल्ल्यावर होते. तिघांचे डोळे माझ्याकडे.

"नाही गं. थोडक्यात राहिला."

एवढंच. आईची माया वगैरे वाक्यं मी इतकी वर्षं जवळ बाळगली आहेत. ती इथे लिहिणार नाही.

ती भांडली असती तर? मी कदाचित— पण नाही, तेही नको. मामाच कुरकुरला, की पोरगी लय येळ खेळत हुती, झाला आसल. तिनेच त्याला गप्प केलं.

"बाई न्हाई म्हनत्यात, म्हंजे न्हाई, मामा. त्या कशापायी खोटं बोलतील?"

त्या थंडीत तिने गावाकडून कुणाबरोबर तरी माझ्यासाठी हुरडा पाठवला. निरोप होता — बाई माझ्यासाठी भर उनाचं खाली उतरून आल्या. मी तो भाजला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला. शेखरने सगळ्यात जास्त. मीही खाल्ला.

पुढे अण्णांनी मशीन विकलं. सुरेखाला मी पुन्हा पाहिलं नाही. शोधलंही नाही.

रेकॉर्ड तिचा होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि नाही म्हणाले.