गिरजाबाईंच्या नावाची बोहनी

राजुऱ्याच्या मुश्ताकला कशाची भीती वाटते हे विचारण्यापेक्षा कशाची वाटत नाही ते विचारलेलं बरं. पोस्टमन सायकलवरून उतरला की हा मागच्या दाराने बाहेर. सरकारी जीप गल्लीत वळली की हा उगाच कीबोर्ड पुसायला लागणार. कॉम्प्युटरच्या 'सी' भाषेत प्रोग्राम लिहिताना मात्र गडी वाघ!

साल २००७. आयकराचं रिटर्न इंटरनेटवरून भरायची सोय नुकतीच आली होती. कोळसा खाणीतले कामगार त्यासाठी मुश्ताकच्या कॉम्प्युटर सेंटरात येत. एकेकाची फाइल करून बोटं वाकडी झाली, तेव्हा त्याने इंटरनेटवरून सी भाषेतली एक लायब्ररी उतरवली. लायब्ररी म्हणजे कुणा भल्या माणसांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. फुकट, आणि कुणालाही उघडून वाचता येईल असा. तो जोडून मुश्ताकने प्रोग्राम बनवला. माणसाची माहिती घाला, सरकारी साच्यातली फाइल तयार.

"फुकट का माल है, संभल के," बायको जरीना म्हणाली. "साहब लोग आए तो मैं साफ बोलूंगी, इनको पहचानती नहीं."

बाजारात कुणीही नवं काम काढो, बोहनी गिरजाबाईंच्या हातची. बसस्टँडसमोर त्यांची चहाची टपरी, आणि हाताला म्हणे यश. नव्या दुकानाचं शटर लोक आधी त्यांना उचलायला लावत. बँकेने कर्जासाठी त्यांच्याकडे रिटर्न मागितलंच होतं, म्हणून पहिलं रिटर्न त्यांच्या नावाने गेलं. मुश्ताकने पावती छापली. "सही करा अन् चंद्रपूरच्या हापिसात द्या, मंग पक्कं होते." पेढे वाटण्याच्या नादात तो कागद कुणीच वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीत डंपर चालवणारे वारलूभाऊ आले. आदल्या संध्याकाळी मिळालेली आपली पावती लांब धरून त्यांनी डोळे बारीक केले.

"मुश्ताकभाऊ, माही कमाई नव्वद लाख? मंग मी डंपर काऊन चालवून राह्यलो, बाप्पा?"

मुश्ताक हसायला गेला आणि त्याने पावती ओढून घेतली. प्रोग्राम तपासताना मोठा आकडा बसतो का हे पाहायला त्याने स्वतःच नव्वद लाख घातले होते, आणि काढायचे विसरला होता. प्रोग्राम तोच आकडा प्रत्येकाला चिकटवत होता. गिरजाबाईंनाही.

तो अनवाणीच पळाला. टपरी बंद! स्टूल उलटं ठेवलेलं. पानवाला म्हणाला, "बाई? चंद्रपूरले गेल्या असंन."

मुश्ताकने टपरीची कडी हलवून पाहिली. डोळ्यांपुढे चंद्रपूरचा साहेब शिक्का उचलत होता. नव्वद लाखांवरचा कर कुठाय, बाई? टपरी जप्त, किटली जप्त, आणि गिरजाबाई बोट दाखवताहेत, हाच तो!

"बस गाडीवर, गाठू तिले," मागून आलेले वारलूभाऊ किक मारत म्हणाले. तेवढ्यात रॉकेलचा डबा हलवत गिरजाबाई समोरून आल्या.

"कागद कुठी हाय? सही केलेला! देला काय?"

"असा कसा देईन? बोहनीची चीज एक रात देवापुढं ठेवा लागते. आता दुपारच्या बसनं जातो. अन् तू असा घामाघूम काऊन?"

मुश्ताकने सगळं सांगितलं. त्याला वाटलं, बाई हसतील. त्या स्टूल सरळ करून बसल्या. डबा त्यांनी पायाशी ठेवला.

"मले धरून नेलं असतं?"

"नाई माईत."

"नाई माईत? मंग माह्या नावानं काऊन केलं बे?"

"तुमचा हात..."

"हात बरोबरच होता माहा. तुह्या डोक्याचं सांग!"

टपरीतल्या देवापुढचा कागद त्यांनी त्याच्याच हाताने स्टोव्हवर जाळायला लावला. सहीचा कागद हापिसात पोचला नाही, म्हणजे रिटर्न पक्कं नाही, हे तो त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. स्वतःलाही. मग त्या सेंटरात आल्या आणि त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"आता आधी तुह्या नावाचं धाड."

त्याने चुकीचा आकडा काढला, आपलं नाव घातलं, आपली कमाई घातली. बोट बटणावर नेलं, पण ते काही खाली जाईना. "बाई, तुमीच दाबा ना."

गिरजाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "वाच आधी. मोठ्यानं."

मुश्ताक बोट मागे घेऊन पहिल्या ओळीपासून वाचू लागला.