बरणीतली पिल्लं आणि माझा अंगठा

त्यांना सगळे मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. खरं तर त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्या मला काका म्हणायच्या. नात्यांचा असा घोळ दवाखान्यातच होऊ शकतो.

दवाखाना फिजिओथेरपीचा. जिन्यावरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण अंगठा आणि शेजारचं बोट काही केल्या एकमेकांना भेटेनात. मी घड्याळं दुरुस्त करतो. तीस वर्षं चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलणाऱ्या माणसाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. दुकान चार महिने बंद होतं. सून म्हणाली, "बाबा, आता आराम करा की." प्रेमानेच म्हणाली, पण मला ते झोंबलं. बोटं परत आली नाहीत तर दुकानाचं शटर कायमचं खाली, हे मला कळत होतं आणि म्हणून मी दिसेल त्याच्यावर खेकसत होतो. फिजिओबाई स्पंजचा चेंडू द्यायच्या आणि वीस वेळा दाबायला सांगायच्या. मी पाच वेळा दाबायचो आणि वीस झाले म्हणून सांगायचो.

मावशी तिथे साफसफाई करायच्या. काच हा त्यांच्या अभिमानाचा विषय. आधी अकरा वर्षं त्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काचा पुसत होत्या. तिथे एकदा एक गिऱ्हाईक, मध्ये काच आहे हे न कळून, नाकावर आपटलं होतं. त्याचं मावशींना आजही कौतुक. गिऱ्हाइकाचं नव्हे, काचेचं. नवरा लवकर गेला, दोन मुली शिकवल्या, धाकटी आता नर्स आहे, हे सगळं त्या अशाच काचेच्या गोष्टींमध्ये जाता जाता सांगून टाकायच्या.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माशांची मोठी टाकी होती. चार-पाच जातींचे मासे तिच्यात एकत्र नांदत होते. एके दिवशी मी अकराला पोचलो तर मावशी स्टुलावर बसलेल्या, आणि पोछा तसाच बादलीत.

"काका, माझ्या हातून वाईट झालं."

काच आतून हिरवट झाली म्हणून त्यांनी स्पंज घेऊन टाकीत हात घातला होता. कोपऱ्यात एक खरखरीत डाग होता, तो घासून काढला. दोन एंजल मासे त्यांच्या हाताला टोचे मारत होते. मावशींना वाटलं, खेळतायत. मग महिन्याच्या साफसफाईला टाकीवाला आला आणि त्याने सांगितलं, की तो डाग नव्हता, अंडी होती.

"आई-बाप जीव तोडून सांगत होते हो," मावशी म्हणाल्या, "आणि मी आपली घासतेय."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. चांगलं बोलायची माझी सवय सुटली होती, तरी मी म्हटलं, "पुन्हा घालतील." टाकीवालाही तेच सांगून गेला होता. त्यानंतर मावशींनी त्या टाकीत स्पंज घातला नाही. काच हिरवी झाली, फिजिओबाई दोनदा बोलल्या, मावशींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बाराव्या दिवशी एंजलने पुन्हा अंडी घातली, या वेळी फिल्टरच्या नळीवर. बाकीचे मासे ती खायला टपलेले. मावशींनी टाकीवाल्याला फोन लावला, घरून रुंद तोंडाची मोठी बरणी आणली, टाकीचंच पाणी भरलं, नळी अलगद तिच्यात ठेवली. हवेचे बुडबुडे सोडले, निळ्या औषधाचे थेंब टाकले. राहिलं एकच काम. जी अंडी पांढरी पडतात ती खराब. ती रोज एकेक करून उचलायची, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांना लागते.

मावशींनी ड्रॉपर माझ्यापुढे धरला. "हे तुम्ही करा."

"मी? या हाताने?"

"माझे हात थरथरतात हो. फरशा पुसणारे हात, त्यांना असलं नाजूक काम कुठलं जमतंय? तुम्ही घड्याळवाले."

"घड्याळवाला होतो!" मी ओरडलो. बाकावरचे दोन पेशंट दचकले. मावशी जराही हलल्या नाहीत. ड्रॉपर तसाच धरून उभ्या.

पहिल्या दिवशी चार अंडी काढायला मला पाऊण तास लागला. रबरी फुग्यावरून अंगठा सटकायचा, मी शिव्या घालायचो, पुन्हा दाबायचो. दुसऱ्या दिवशी दुकानातून डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आलो. टाचणीच्या डोक्याएवढं अंडं, आणि त्यात चक्क एक शेपूट हललं! बंद पडलेल्या घड्याळाचं चाक पहिल्यांदा हलतं, अगदी तसं. मी मावशींना हाक मारली, भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं. त्यांनी ते कितीतरी वेळ काढूच दिलं नाही.

पिल्लं बाहेर आली, आठवड्याभरात पोहू लागली. आता रोज तळाशी पडलेलं खाणं, घाण, मेलेली पिल्लं ड्रॉपरने ओढून घ्यायची, आणि तीही जिवंत पिल्लू आत न जाऊ देता. बरणी लहान पडली तेव्हा मावशींनी माळ्यावरून जुनी छोटी टाकी काढली. मी अकराला पोचायचो तेव्हा स्टूल, ड्रॉपर आणि घाण, तिन्ही माझी वाट बघत असायची. फुगा किती वेळा दाबला हे मी मोजतच नव्हतो. पाचव्या आठवड्यात अंगठ्याचं टोक बोटाच्या टोकाला टेकलं. फिजिओबाई खूश झाल्या. "घरी चेंडू नेमाने करता वाटतं?" मी "रोज" म्हणून ठोकून दिलं.

सातव्या आठवड्यात बटण लागलं. नवव्या आठवड्यात चिमटा धरता आला. पंचेचाळीस पिल्लं जगली होती आणि मावशी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला ती मोजून दाखवत होत्या.

दुकान उघडायच्या दिवशी, त्यांना सांगून मग पुढे जावं म्हणून मी सकाळी साडेआठलाच दवाखान्यात गेलो. एंजलने पुन्हा अंडी घातली होती. मावशी बरणीवर वाकून पांढरी अंडी काढत होत्या. टिपलं, सोडलं, टिपलं, सोडलं. हात इतका स्थिर, की माझ्या उमेदीतही माझा तसा नसेल. दोन मिनिटांत काम संपलं.

मी दारातूनच म्हटलं, "मावशी, हात थरथरतात ना तुमचे?"

त्या चपापल्या. मग ड्रॉपर धुवत हसल्या.

मी हिशेब केला. त्या आठला यायच्या, मी अकराला. म्हणजे तीन-तीन तास ती खराब अंडी चांगल्यांना चिकटून पडलेली असायची, घाण पाण्यात तशीच. "मग माझ्या वेळी त्यातली काही वाया गेली असतील की," मी म्हटलं.

"गेली." त्यांनी मान हलवली. "दहा-बारा तरी. बघवायचं नाही मला. मी या खोलीत यायचंच टाळायचे तुम्ही येईपर्यंत."

ज्या बाईने एका पुसलेल्या डागापायी दिवसभर अन्नाला हात लावला नव्हता, ती हे सांगत होती. माझे डोळे भरून आले. मी ते लपवले नाहीत.

"मावशी, का केलंत असं?"

"मासे काय, पुन्हा अंडी घालतील, काका," त्या म्हणाल्या. "अंगठा कुठून आणला असता?"